बुधवारचा झेंडा

परभणीत, विद्यापीठाच्या गेटासमोर माझं दुकान:
एक मशीन, एक आरसा,
आणि एक पाय आखूड असलेलं स्टूल.
दोन मार्चला त्या स्टुलावर ती येऊन टेकली,
डोईवर बारीक वेण्यांचं रान,
पिशवीत ज्वारीची कणसं, चिठ्ठ्या बांधलेली.
"ताई, झेंडा शिवता का? घानाचा?"

झेंडा मी कधी शिवला नव्हता.
मी ब्लाउजवाली. फॉल, पिको, फार तर परकर.
"रंग सांग," म्हटलं.
वर लाल, मधी सोनेरी, खाली हिरवा,
सोनेरीच्या पोटात काळी चांदणी, पाच टोकांची.

लाल निघाला ढगेबाईंच्या ब्लाउजपिसातून,
सोनेरी एका मोडलेल्या लग्नाच्या अस्तरातून,
हिरवा होताच.
काळा नसरीनआपाच्या बुरख्यातून उरलेला, वीतभर.
"घे," म्हणली, "कुठंतरी फडकू दे."

मी कातरत होते, ती सांगत होती.
हा झेंडा काढला एका बाईनं.
शिक्षिका होती, चित्रं काढायची,
पुढं म्हणे देशाची हॉकी सांभाळली.
माझी कात्री थांबली.
अख्ख्या देशानं मान वर करून बघायची गोष्ट
एका बाईनं आखली!
माप कुठून घेतलं असेल तिनं?
देशाची छाती किती, कंबर किती?

मग दुसरीची गोष्ट, सव्वाशे वर्षांमागची.
तिच्या लोकांचं एक सोन्याचं आसन. स्टूलच म्हण.
राजासुद्धा त्यावर बसत नाही,
त्यात सगळ्यांचा जीव.
गोरा साहेब म्हणाला, आणा, मी बसतो.
पुरुष खाली बघत राहिले.
तेव्हा एक राजमाता, नातवंडांची आजी, उठून म्हणाली,
तुम्ही जात नाही? बरं. आम्ही बाया जातो.
हरली शेवटी. दूर बेटावर नेऊन ठेवली, तिथंच सरली.
"पण आसन नाही मिळालं त्यांना,"
असं म्हणून पोरगी इतकी हसली
की माझं स्टूल डुगडुगलं.

नाव विचारलं. अकुआ.
म्हणजे बुधवारी जन्मलेली.

मी पायडलवरचा पाय काढला.
माझी आत्या बुधाबाई.
जिंतूरकडं तेव्हा वारावरून नाव ठेवायचे,
पंचांगाला पैसा लागायचा, वार फुकट.
रझाकाराच्या साली चौदाची होती.
गोवऱ्यांच्या पाटीत चिठ्ठ्या न्यायची
पार वऱ्हाडच्या हद्दीपर्यंत.
शिपाई म्हणाला, पाटी उतरव,
तर ही म्हणली, "तूच उतरव की, खालचं शेण ओलं हाय."
स्मारकाच्या दगडावर तिचं नाव नाही.
पेन्शनीला दोन साक्षी पाहिजे होते,
साक्षी आधीच मेले होते.

माझं हिंदी मोडकं, तिचं त्याहून.
तरी तिनं मोबाईलवर बोट फिरवून काहीतरी शोधलं
आणि ओरडलीच,
"सहा मार्च सत्तावन्न, ताई! बुधवार!"

चांदणी मी चुकवली. दोन टोकं वर गेली.
उसवली. परत लावली.
उसवल्याची भोकं दिसतात अजून, जवळून बघितलं तर.

सहा तारखेला होस्टेलच्या गच्चीवर
चार पोरं, दोन पोरी, डिश अँटेनाचा पाईप.
मी भाकरी नेल्या होत्या, ठेचा, कांदा.
अकुआ म्हणाली, मास्तर सांगतात,
ज्वारी मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांमागं इकडं आली.
"मंग ही उसनी समज," म्हटलं, "फेडायला वेळ झाला."
वारा नव्हताच. झेंडा नुसता लोंबत राहिला,
ओल्या लुगड्यासारखा.
मग ते उभे राहून त्यांच्या बोलीत काही गायले
आणि एक पोरगा रडला, ज्याला मी ओळखतही नव्हते.

रात्री वही काढली.
गिऱ्हाईक, माप, रक्कम.
अकुआ लिहायला गेले
आणि हातानं लिहिलं: बुधा. झेंडा, एक नग.

खोडलं नाही.